ज्ञात दोष आणि त्यांची दुरुस्ती : संगणकाच्या कार्यप्रणालीतील देवनागरी व शिरूर-दौंड परिसराचे भूमी-अभिलेख

यंत्रातील दोष आणि यंत्रातील ज्ञात दोष या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्याला यंत्र वापरताना अडचण येते त्याला दोषाचा अनुभव येतो. परंतु तेवढ्याने तो दोष ज्ञात होत नाही. तो कोणत्या परिस्थितीत उद्भवतो याचे वर्णन लिहिले गेले, ते वर्णन दुरुस्तीचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत पोहोचले आणि त्याने ते आपल्या नोंदवहीत घेतले, म्हणजे मग दोष ज्ञात होतो. संगणकाच्या इतिहासात या गोष्टीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या गणनयंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला, आणि यंत्र चालविणाऱ्यांनी तो कामाच्या वहीत चिकटवून त्याखाली नोंद केली. यंत्रदोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात त्याहून जुना आहे. अभियंत्यांच्या बोलण्यात तो एकोणिसाव्या शतकापासून आढळतो. तेव्हा त्या घटनेचे महत्त्व शब्दाच्या उत्पत्तीत नाही. दोष, त्याचे स्थान आणि त्याची वेळ ही तिन्ही एका पानावर आली, यात ते आहे.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने संगणकाच्या कार्यप्रणालीतील, म्हणजे ज्याला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्यातील, देवनागरीविषयक दोषांचा विचार केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके आणि तेथील जमिनीची दप्तरे यांचा संदर्भ घेतला आहे. या निवडीला कारण आहे. घोड आणि भीमा यांच्या काठच्या या मुलखात नोंदीतील दोष आणि त्यांची दुरुस्ती यांचा इतिहास संगणकाहून दीडशे वर्षांनी जुना आहे. आणि संगणक आल्यावर जे प्रश्न उभे राहिले त्यांचे स्वरूप या जुन्या इतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते.

१. पूर्वपीठिका : कागदावरील दोष

इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२८ च्या सुमारास, रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी व आकारणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ठरावीक हिश्श्यावर सारा बसवावा, ही त्याची पद्धती. तत्त्व सुसंगत होते. परंतु त्याला लागणारी माहिती गावोगाव गोळा करणारी यंत्रणा विश्वासार्ह नव्हती, आणि चुकीच्या माहितीवर केलेले बिनचूक गणित चुकीचेच निघाले. आकारणी असमान व जड ठरली, शेते पडीक पडू लागली. अखेरीस १८३५-३६ मध्ये दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यातून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्या पद्धतीचे नियम बांधले गेले. गणित चालविणारी रीत निर्दोष असूनही तीत शिरणारी सामग्री सदोष असेल तर निष्पत्ती सदोषच होते, हा धडा पुण्याच्या महसुली दप्तरांनी संगणकाच्या कितीतरी आधी घेतला होता.

दुसरे उदाहरण १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला. त्या तालुक्याचे क्षेत्र आज दौंड व बारामती या तालुक्यांत विभागलेले आहे. त्यापूर्वीच, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकारांवर बहिष्काराला आरंभ झाला होता. दंगेखोरांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. कुळाला वाचता न येणारा कागद न्यायालयात त्याच्याविरुद्ध निर्णायक ठरत होता, हे दुखण्याचे मूळ. चौकशी-आयोगाच्या पाठोपाठ १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्याने दोन उपाय योजले. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत, हा पहिला. आणि न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, हा दुसरा. दिसणाऱ्या कागदाच्या मागे जाऊन दोष कोठे शिरला ते पाहावयाचे, ही रीत कायद्यात येथे स्पष्टपणे आली. यंत्रदोषाच्या शोधाची रीतही तत्त्वतः हीच आहे.

पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धती सुरू झाली आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ती नव्याने बांधली. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. नमुना सात आणि बारा मिळून होणारा उतारा तो सातबारा. या व्यवस्थेतील दोन कलमे पुढील विवेचनाला आवश्यक आहेत. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतील प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद आणि हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका जिल्हाधिकाऱ्याला दुरुस्त करता येतात. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत चूक आढळली असेल, तर मात्र पक्षकारांना नोटीस देऊन व त्यांच्या हरकती निकालात काढूनच ती दुरुस्ती करावी लागते. एक कलम नोंदीला बळ देते, दुसरे तिच्यातील दोष मान्य करते. जुन्या दप्तरात कमी झालेल्या नावाला कंस केला जाई. ते नाव खोडून नाहीसे केले जात नसे. त्यामुळे दुरुस्तीचा इतिहासही त्याच पानावर राही.

२. लिपी आणि यंत्र

या दप्तरांना यंत्रावर नेण्याचा प्रयत्न १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाच्या योजनेने सुरू झाला. प्रारंभी निवडलेल्या आठ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजे ‘सी-डॅक’ स्थापन झाले आणि कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेत आरंभलेल्या ‘जिस्ट’ या भारतीय लिपींच्या तंत्राचा पुढील विकास तेथे झाला. १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती.

या मांडणीचे मूलतत्त्व असे की, अक्षर कसे दिसते याची नोंद न करता ते उच्चारक्रमाने कसे घडते याची नोंद करावयाची. ‘शिरूर’ या नावात प्रथम श, नंतर ऱ्हस्व इकाराची मात्रा, नंतर र, दीर्घ उकार आणि पुन्हा र, असे संकेत साठविले जातात. वाचणाऱ्याला मात्र इकाराची वेलांटी श च्या आधी दिसली पाहिजे आणि र ला जोडलेला उकार त्याच्या खाली न येता कुशीत आला पाहिजे. ‘दौंड’ मध्ये औकाराच्या मात्रा व अनुस्वार हे दोन्ही एकाच शिरोभागी, परस्परांना न खोडता, बसले पाहिजेत. साठविलेल्या क्रमातून दिसणारा क्रम सिद्ध करण्याचे हे काम कार्यप्रणालीकडे असते. ज्या कार्यप्रणालीला ते येत नाही, तिच्यावर या दोन तालुक्यांची नावेसुद्धा शुद्ध उमटत नाहीत.

१९९० नंतरच्या दशकात कचेऱ्यांतून प्रचारात असलेल्या विंडोज ९५ व ९८ या प्रणालींना हे काम येत नव्हते. म्हणून एक आडवाट काढण्यात आली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, बसवून फाँट तयार करण्यात आले. मजकूर डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन चिन्हांची निरर्थक ओळ असे. फाँट बदलला की मजकूर वाचता येत नसे, शोध घेता येत नसे, नावांचा अनुक्रम लावता येत नसे. प्रत्येक निर्मात्याची तुकड्यांची मांडणी निराळी असल्याने एका कचेरीचा मजकूर दुसरीत उघडताना तोच फाँट असणे आवश्यक होई. हा उपाय तात्पुरता म्हणून योग्य होता. परंतु वर्षानुवर्षे त्याच्या आधारावर मजकूर साचत गेला आणि तात्पुरत्या उपायाचे रूपांतर कायमच्या दोषात झाले.

२००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडणी प्रथमच कार्यप्रणालीच्या अंगी आली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही ती होती. परंतु ती आपोआप सुरू होत नसे. नियंत्रण-फलकातील प्रदेश व भाषा या विभागात जाऊन संमिश्र लिपींचा पर्याय निवडावा लागे आणि मूळ तबकडी यंत्रात घालावी लागे. तोपर्यंत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस दिसे, जोडाक्षरे सुटी राहत. हा त्या काळचा अत्यंत ज्ञात दोष होय. त्याचे लक्षण, कारण आणि उपाय ही तिन्ही लिहिलेली होती. तरीही तबकडी जवळ नसलेल्या किंवा हे लिखाण वाचनात न आलेल्या माणसाच्या दृष्टीने तो अज्ञातच होता.

लिनक्सवर दोषाचे स्वरूप वेगळे होते. तेथे एकाच यंत्रावरील निरनिराळे कार्यक्रम अक्षरजोडणीसाठी निरनिराळ्या साधनांवर अवलंबून असत. म्हणून एकच शब्द एका खिडकीत शुद्ध तर दुसरीत अशुद्ध दिसे. २०१० नंतरच्या दशकात ‘हार्फबझ’ या सामाईक साधनाचा स्वीकार होत गेला तसा हा भेद कमी झाला. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी असल्यामुळे ‘लोहित’ या मुक्त फाँटमालेत प्रारंभी मराठीसाठी स्वतंत्र फाँट ठेवावा लागला होता. पुढे एकाच फाँटमध्ये भाषेनुसार वळण बदलण्याची सोय झाली. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने या वळणांना व ‘ॲ’ या स्वराला अधिकृत स्थान दिले.

३. तीन मराठी दोष

मराठीच्या वाट्याला विशेषत्वाने आलेल्या दोषांपैकी तीन येथे तपासण्याजोगे आहेत.

पहिला दोष ऱ्य व ऱ्ह यांचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल भाग. ‘आचार्यांना’ दिलेला मान आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी या भिन्न गोष्टी होत. हा भेद हिंदीत नाही. म्हणून हिंदीला प्रमाण मानून केलेली साधने मराठीला अपुरी पडली. युनिकोडमध्ये हे अक्षर साधण्याचे दोन मार्ग मान्य आहेत : एक, नुक्तायुक्त ऱ घेऊन त्यास हलन्त करणे, दुसरा, साध्या र ला हलन्त करून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालणे. दुसरा मार्ग युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. त्यातही नुक्तायुक्त ऱ हा एका संकेताने किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. परिणाम असा की, ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द तीन प्रकारे साठविलेला असू शकतो. तिन्ही डोळ्यांना एकच दिसतात, परंतु नियमन न केलेला शोध त्यांतील एकच सापडवितो. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये नेताना रूपांतराच्या कोष्टकात या तुकड्याची नोंद राहून गेली असेल, तर ‘शेतकऱ्याचे’ चे ‘शेतकर्याचे’ होते आणि दौंडच्या दक्षिणेस पुरंदर-बारामतीतून वाहणारी कऱ्हा नदी ‘कर्हा’ होते. भूमी-अभिलेखाच्या दृष्टीने विचार करता, ज्या दप्तराचा विषयच शेतकरी, त्यात त्याचे नामच विभक्तिप्रत्यय लागताच बिघडावे, ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

दुसरा दोष ‘ॲ’ चा. हा स्वर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्यापूर्वी लेखक अ वर चंद्र ठेवून तो साधीत, आणि विंडोजची जोडणी त्या क्रमाला अवैध मानून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ काढी. काहींनी हिंदीतील ‘ऍ’ वापरला. स्वतंत्र संकेत मिळाला तरी आधीचा मजकूर आपोआप बदलला नाही. म्हणून २००८ पूर्वीच्या व नंतरच्या नोंदींत एकच शब्द भिन्न संकेतांनी आढळू शकतो. संशोधकाने जुना मजकूर तपासताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरा दोष अनुक्रमाचा. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, क्ष व ज्ञ अखेरीस. संकेतांच्या क्रमात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. निव्वळ संकेतक्रमाने खातेदारांची यादी लावली तर ‘काळे’ हे नाव ‘काशीद’ व ‘कासार’ यांच्या आधी येते; मराठी कोशाच्या सवयीने शोधणारा ते त्यांच्या नंतर शोधतो. भाषानिहाय क्रमाचे नियम प्रमाण स्वरूपात उपलब्ध झाले आहेत, परंतु ते लागू करण्याचा आदेश कार्यक्रमात असावा लागतो. नाव यादीत असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळणे, हे या दोषाचे फळ.

या तिन्ही दोषांत एक समान लक्षण आहे : यंत्र थांबत नाही. याच्या उलट प्रकाराचे उदाहरण फेब्रुवारी २०१८ मधील होय. तेलुगूतील एका अक्षरसमूहाने ॲपल कंपनीच्या फोनवरील कार्यक्रम कोसळू लागले, तेव्हा जगभर ओरड झाली आणि त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती निघाली. गोंगाट करणारा दोष लवकर ज्ञात होतो. मुकाट्याने चुकीचे अक्षर छापणारा दोष वर्षानुवर्षे टिकतो, कारण तो ज्याला बाधतो त्याचा आवाज दुरुस्त करणाऱ्याच्या कानी जात नाही.

४. सर्व्हर, स्थलनाम आणि काळ

दप्तर एका कचेरीतील यंत्रावरून मध्यवर्ती सर्व्हरवर गेल्यावर आणखी दोन प्रश्न उभे राहतात. एक स्थलनामांचा. शिरूर नावाने आरंभ होणारे तालुके महाराष्ट्रात तीन आहेत : पुण्यातील शिरूर, बीडमधील शिरूर कासार आणि लातूरमधील शिरूर अनंतपाळ. पुण्यातील शिरूर लोकव्यवहारात घोडनदी म्हणूनही ओळखले जाते आणि त्याचे लेखन ‘शिरुर’ असे ऱ्हस्व उकारानेही होते. दौंडचे नाव इंग्रजी दप्तरांत ‘धोंड’ या उच्चाराने लिहिले जाई. १८७८ मध्ये झालेला मनमाडकडील लोहमार्ग ‘धोंड-मनमाड’ म्हणूनच कागदोपत्री आला. माणसाला हे भेद संदर्भाने उमगतात, यंत्राला उमगत नाहीत. यावरचा उपाय म्हणून गावांना व तालुक्यांना संख्यात्मक संकेत देण्यात आले. नाव वाचण्यासाठी आणि संकेत ओळखण्यासाठी, अशी ही विभागणी आहे. तिच्यात नावाचे लेखन अशुद्ध राहिले तरी नोंद हरवत नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. विंडोजमध्ये दोन अंकी वर्षाचा अर्थ लावताना दीर्घ काळ १९३० ते २०२९ ही चौकट गृहीत होती. जुन्या नोंदीतील ‘२८’ हे वर्ष १९२८ असले तरी त्या चौकटीत ते २०२८ होते. युनिक्स-परंपरेच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ज्या ठिकाणी ही संख्या बत्तीस अंशांत ठेवली आहे, तेथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, ओसंडून १९०१ सालात जाईल. चौसष्ट अंशांच्या प्रणालींत हा दोष राहिलेला नाही. परंतु नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुदत आजच मोजली जाते. म्हणून जुनी साधने वापरणाऱ्या कार्यक्रमात २०३८ चा दोष २०३८ पर्यंत थांबत नाही.

५. दोषशोधाची रीत आणि अधिकार

दोषशोधाची शास्त्रशुद्ध रीत क्रमाने मागे जाण्याची आहे. छापील उताऱ्यात अक्षर चुकले असेल तर तेच पडद्यावर कसे दिसते, हे प्रथम पाहावे. पडद्यावर शुद्ध असेल तर दोष छपाईच्या टप्प्यातील. पडद्यावरही अशुद्ध असेल तर तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या फाँटमध्ये उघडावा. तेथे शुद्ध दिसल्यास दोष दर्शनाचा. सर्वत्र अशुद्ध असल्यास साठविलेले संकेत अंकरूपात तपासावेत. मग तो लेखनाचा किंवा रूपांतराचा दोष ठरतो. अखेरीस मूळ फेरफाराशी ताडून पाहावे. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागे जाण्यास सांगितले होते, त्याचेच हे यांत्रिक रूप.

परंतु येथे एक मूलभूत भेद आहे. दर्शनाचा दोष कार्यप्रणालीची नवी आवृत्ती दूर करू शकते. साठवणीतील दोष ती दूर करू शकत नाही, आणि तिने करूही नये. कारण कलम १५७ चे गृहीतक नोंदीला लागू आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अशा उताऱ्यात चुकीचे उमटलेले नावही स्वाक्षरीने प्रमाणित होते. ती चूक दुरुस्त करण्याचा मार्ग तंत्रज्ञाकडून जात नाही. तो कलम १५५ खालील आदेशातून जातो. आणि ते कलम लेखनप्रमादापुरते आहे. स्वामित्वाचा वाद त्याच्या आडून सोडविता येत नाही. यास्तव रूपांतरामुळे बदललेले नाव हा लेखनप्रमाद आहे की हक्कातील बदल, हे ठरविण्यासाठी यंत्रदोषाचे लेखी वर्णन हाच पुरावा होतो. ‘या फाँटमधील हे चिन्ह या कोष्टकामुळे असे बदलले’ एवढे एक वाक्य उपलब्ध असेल तर शेकडो नावांचा निर्णय एकाच तत्त्वाने होतो; ते नसेल तर प्रत्येक खातेदाराला आपली चूक स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नोंदीतील दोषांचे स्वरूप बदलले तरी त्यांच्या दुरुस्तीची अट बदललेली नाही. कागदाच्या काळात चूक करणारा, भोगणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघेही एकच पान पाहू शकत. संगणकाच्या काळात चूक शिरूरच्या उताऱ्यात दिसते, तिचे कारण दूर देशी लिहिलेल्या जोडणीच्या नियमात असते आणि तिच्या दुरुस्तीचा अधिकार तिसऱ्याच ठिकाणी असतो. या तिघांना जोडणारे साधन म्हणजे दोषाचे वर्णन. कार्यप्रणालींच्या निर्मात्यांनी अशा वर्णनांच्या मोठ्या वह्या ठेवल्या आहेत. पण त्या मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि यंत्राच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. दप्तराच्या बाजूने, मराठीत, दिनांक व उदाहरणांसह लिहिलेली दोषांची नोंद हे आधुनिक अभिलेख-इतिहासाचे आवश्यक साधन आहे. पुढील काळात या कालखंडाचे मराठी दस्तऐवज अभ्यासणाऱ्याला मोडीच्या वळणांइतकेच फाँटच्या कोष्टकांचे ज्ञान लागेल. फाँट वापरातून जातात, कार्यप्रणाली कालबाह्य होतात आणि त्यांबरोबर दोष ओळखणारी माणसेही पांगतात. म्हणून हे साहित्य जमविण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञांवर न सोडता स्वतः हाती घेणे युक्त होय.